गाडी लावायची कुठे आणि माणसानं बसायचं कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पुण्यातल्या बागांवर लिहिलं होतं, शहर एवढं वाढतंय आणि बागेसाठी राखलेल्या जागा तशाच पडून आहेत असं, आणि रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यावेत असंही. त्यावर खूप पत्रं आणि मेल आले, सगळ्यांचे मनापासून आभार. गंमत म्हणजे लेख बागेवर होता पण निम्म्याहून जास्त पत्रं पार्किंगची आहेत, आणि तीन-चार ब्रुअरीची, म्हणजे जिथे बियर बनवतात आणि तिथेच प्यायला देतात त्या जागांची. आधी वाटलं वेगवेगळे विषय आहेत, पण सगळी एका बैठकीत वाचली तेव्हा लक्षात आलं की हे एकच भांडण आहे, जमिनीचं. तीच जागा, आणि तिथे कोणाला गाडी लावायचीय, कोणाला नातवंडाला झोका द्यायचाय, कोणाला टेबलं टाकायचीत. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देते. नावं छापत नाहीये, फक्त भाग लिहिलाय.

ताई, आमच्या घरामागे एक प्लॉट आहे, बागेचं आरक्षण आहे असं आम्ही इथे राहायला आल्यापासून ऐकतोय. आता तिथे राडारोडा टाकतात, रात्री टेम्पो नि टूरिस्ट गाड्या उभ्या असतात. परवा कोणीतरी म्हणालं की आरक्षण उठणार आणि बिल्डिंग होणार. आम्ही सगळ्या साठीच्या पुढच्या बायका, आम्ही काय करू शकतो? (निवृत्त शिक्षिका, बिबवेवाडी)

बाई, सगळ्यात आधी "कोणीतरी म्हणालं" हे बाजूला ठेवा आणि कागद काढा. प्लॉटचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर शोधा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर मिळेल, आणि महापालिकेत अर्ज करून त्या नंबरचा झोन दाखला मागा. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की जागा निवासी आहे, बागेसाठी आरक्षित आहे, की आणखी कशासाठी. तेवढा एक कागद हातात आला की तुमचं बोलणं सगळीकडे बदलतं, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तोपर्यंत समोरचा माणूस तुम्हाला "बघू, पाहू" म्हणत राहतो.

आता आरक्षण उठतं कसं ते नीट समजून घ्या, कारण उठायचे रस्ते मोजकेच आहेत. एक म्हणजे नवा डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, होताना. पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी आधी १९८७ चा होता, त्यानंतरचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा, पण त्याचा मसुदा लोकांसमोर आला २०१३ मध्ये आणि सरकारची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं मंजुरीतच गेली. मला याचा खरंच त्रास होतो, कारण त्या दहा वर्षांत शाळेत जाणारी मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली आणि त्यांच्या वाट्याची बाग कागदावरच राहिली.

दुसरा रस्ता म्हणजे एमआरटीपी या नगररचनेच्या कायद्याचं कलम ३७, त्यात मंजूर डीपीमध्ये मधेच फेरबदल करता येतो, पण त्यासाठी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि लोकांना हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ही नोटीस पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात, हरवलेल्या कागदपत्रांच्या आणि जमिनीच्या नोटिसांमध्ये येते. आमच्या भागात असंच झालं होतं. एका कोपऱ्यातल्या प्लॉटची नोटीस आली, आम्ही कोणी वाचलीच नाही, आणि जेसीबी आला त्या दिवशी सकाळी साठ-सत्तर लोक गेटवर उभे. तिथल्या माणसाने शांतपणे फाईल उघडून दाखवली, हरकतींच्या रकान्यात शून्य. तो शून्य मी अजून विसरले नाहीये. त्या दिवसापासून मी पेपर मागच्या पानापासून वाचते.

तिसरा रस्ता आहे त्याच कायद्याचं कलम १२७, आणि बाई, तुमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली आणि तरी पालिकेने जागा घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने ती जागा घेतली नाही किंवा घ्यायची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं. आता हिशोब करा, जानेवारी २०१७ अधिक दहा, म्हणजे जानेवारी २०२७. मालकाची बाजूही मला पटते हो, कोणाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवायची आणि मोबदला द्यायचा नाही हे न्यायाचं नाहीच. पण त्यावर उपाय मोबदला देणं हा आहे, रोख किंवा टीडीआर (म्हणजे दुसरीकडे तेवढं बांधकाम करायचा हक्क), बाग सोडून देणं हा नाही. म्हणून आत्ता अर्ज करा, की या जागेच्या भूसंपादनाची सद्यस्थिती काय, मालकाची खरेदी नोटीस आली आहे का, आली असेल तर कोणत्या तारखेची. माहिती अधिकारात टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि राडारोड्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. तुम्ही साठीच्या पुढच्या बायका म्हणता ना, मी पाहिलेल्या बागा वाचवणाऱ्या गटांमध्ये बहुतेक अशाच बायका होत्या, कारण दुपारी अडीच वाजता ऑफिसात जाऊन बसायला वेळ त्यांनाच असतो.

बिल्डरने फ्लॅटच्या वेळी पार्किंगचे ३ लाख वेगळे घेतले, पावती नाही. आता सोसायटी म्हणते की ते ओपन पार्किंग आहे, कॉमन आहे, आम्ही ड्रॉ काढणार. माझे पैसे गेले का? (बाणेर)

ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की ओपन आणि स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, पार्किंग हे सोसायटीच्या सामाईक जागेत येतं, बिल्डर ते स्वतंत्र विकू शकत नाही. नंतर रेरा हा बिल्डरांसाठीचा कायदा आला, त्यात गॅरेजची व्याख्या आहे, छप्पर हवं आणि तीन बाजूंनी भिंत हवी, उघडी जागा त्यात बसत नाही. त्यामुळे सोसायटीचं म्हणणं बरोबर आहे, सर्वसाधारण सभेत ठराव करून वाटप करायचा अधिकार त्यांचा आहे. तुमच्या पैशांचं म्हणाल तर तुमचं अॅग्रीमेंट काय म्हणतं ते आधी एखाद्या वकिलाला दाखवा, बँकेतून गेले असतील तर स्टेटमेंट काढा, रोख दिले असतील तर अवघड आहे, खोटा धीर देत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घरात दोन गाड्या आहेत आणि दुसरीला जागा मिळत नाही म्हणून ती बाहेर रस्त्यावर असते. त्यावर थोडं बोलते, रागावू नका. एका कारला नियमाप्रमाणे अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या भाषेत १३५ स्क्वेअर फूट, एक बऱ्यापैकी बेडरूम. आत-बाहेर काढायची वाट धरली तर जवळजवळ दुप्पट. स्कूटरला दोन चौरस मीटर. तुमच्याच बाणेरमध्ये एका बेडरूमएवढ्या जागेचा भाव काय चाललाय तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहितीये, आणि रस्त्यावर तीच जागा आपण सगळे चोवीस तास फुकट वापरतोय. आणि त्या जागेवर चालणारे, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं, त्यांचाही हक्क होता की.

आम्ही टॅक्स भरतो, रोड टॅक्स भरतो, मग आमच्याच घरासमोर गाडी लावायला पैसे कसले? पे अँड पार्क म्हणजे लूट आहे. तुम्ही त्याच्या बाजूने लिहिलं म्हणून फार वाईट वाटलं. (सदाशिव पेठ)

काका, तुमचा राग कळतो. पेठेतल्या वाड्यांच्या बिल्डिंगी झाल्या, प्रत्येकीखाली दुकानं आली, आणि तिथे बाहेरून येणाऱ्यांच्या गाड्या तुमच्या दारात लागतात, रात्री आजारी माणसाला न्यायचं तर रिक्षा आत येत नाही. हे मी स्वतः पाहिलंय, माझी मावशी नागनाथपाराजवळ राहायची.

पण नेमकं म्हणूनच मी पे अँड पार्कच्या बाजूने आहे. २०१८ मध्ये आकडे आले होते की शहरातल्या नोंदणी झालेल्या गाड्या ३६ लाखांच्या वर गेल्या, आणि तेव्हा लोकसंख्या साधारण ३५ लाख धरत होते, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत माणशी एकाहून जास्त गाडी. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यालाही एवढा विरोध झाला की सगळ्या शहराऐवजी आधी पाच रस्त्यांवर करून बघू असं ठरलं, आणि मग तेही बराच काळ कागदावरच. मधल्या काळात आपण काय करत होतो तर पी १, पी २ च्या पाट्या बघून तारखेप्रमाणे गाडीची बाजू बदलत होतो आणि टोइंगवाल्यांशी भांडत होतो.

रोड टॅक्स गाडी रस्त्यावर चालवायचा असतो, उभी करायचा नाही. आणि फुकट असलं की काय होतं, दुकानदार आणि त्याचा कामगार सकाळी दहाला येऊन गाडी लावतात ती रात्री नऊला काढतात, गिऱ्हाईक तीन चकरा मारतं आणि शेवटी डबल पार्क करतं. तासाला पैसे लागले की तीच जागा दिवसात आठ-दहा लोकांना मिळते. मंडईजवळ बघा, जिथे जुन्या काळी आर्यन नि मिनर्व्हा थिएटरं होती तिथे आता पार्किंग आहे, गणपतीचे आणि दिवाळीचे दिवस सोडले तर वरच्या मजल्यांवर जागा मिळते, पण खाली रस्त्यावर फुकट लावता येत असेल तर वर कोण जाणार? तुमच्यासारख्या राहणाऱ्यांना मात्र सवलतीचा पास असायलाच हवा आणि संध्याकाळनंतर राहणाऱ्यांना प्राधान्य, हे मी लेखातही लिहिलं होतं, बहुतेक तुमच्या नजरेतून सुटलं.

जंगली महाराज रस्ता आठवा. तो रस्ता १९७६ चा, दहा वर्षांच्या गॅरंटीचा, खड्डा पडत नाही म्हणून आपण सगळ्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. काही वर्षांपूर्वी त्याचे फूटपाथ रुंद केले, बाकं टाकली, तेव्हा पार्किंग जाणार म्हणून केवढी ओरड झाली होती. आता संध्याकाळी संभाजी बागेच्या बाजूने चालून बघा. म्हातारी माणसं बाकावर बसलेली असतात, कॉलेजची मुलं भेळ खात असतात, एक बाई व्हीलचेअरवरच्या वडिलांना घेऊन बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत सरळ जाताना मी पाहिली, मधे एकदाही रस्त्यावर उतरायला लागलं नाही तिला. मी थांबून बघतच राहिले. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून बागेच्या मागे मेट्रोचं स्टेशन चालू आहे. ज्या शहरात एका व्हीलचेअरला अर्धा किलोमीटर सलग जाता येतं तिथे पाच-पन्नास गाड्यांची जागा गेली तर गेली, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याच लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, एक दिवस गाड्या बंद. या वर्षी या, मीही असेन, तिथे उभं राहून बोलू.

आमच्या बिल्डिंगपासून शंभर फुटांवर एक ब्रुअरी सुरू झाली आहे. रात्री एक-दीडपर्यंत म्युझिक, व्हॅलेवाले आमच्या गेटसमोर गाड्या लावतात, एकदा तर अँब्युलन्स अडकली. माझ्या सासूबाई म्हणतात सह्या गोळा करून बंद पाडा, नवरा म्हणतो आपण मागासलेले दिसू. मला फक्त झोप हवी आहे. (मुंढवा)

ताई, झोप मागणं म्हणजे मागासलेलं असणं नाही.

यात तीन गोष्टी आहेत, वेगवेगळ्या करा, नाहीतर तुम्ही "संस्कृती"वर भांडत बसाल आणि आवाज तसाच राहील. पहिली म्हणजे आवाज. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि त्या वेळात उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. बारची वेळ दीडपर्यंत असली तरी गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या स्पीकरची वेळ दीडपर्यंत नसते, लोक नेमकं इथेच गोंधळतात. दहानंतर ११२ ला फोन करा, दर वेळी करा, तक्रारीचा नंबर वहीत लिहा. एका फोनने काही होत नाही, पंधरा फोनांची यादी घेऊन पोलीस स्टेशनला गेलात की वेगळं ऐकून घेतात.

दुसरं पार्किंग. तिथला मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवा. कोणत्याही हॉटेलला किती गाड्यांची जागा ठेवायची हे नकाशात असतं, आणि पुष्कळदा असं दिसतं की नकाशात जिथे पार्किंग आहे तिथे प्रत्यक्षात टेबलं आहेत. म्हणून गाड्या तुमच्या गेटवर येतात. व्हॅलेवाला सार्वजनिक रस्ता स्वतःचा समजून वापरू शकत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला बारमधून निघालेल्या एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले, त्यानंतर पोलीस, एक्साइज आणि महापालिका तिघंही कामाला लागले, बार सील झाले, अनधिकृत रूफटॉप पाडले. ती पोरं जायच्या आधी हे व्हायला हवं होतं, ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. तेव्हा तुमची लेखी तक्रार आधीपासून फाईलवर असणं फार गरजेचं आहे.

तिसरं सासूबाईंचं म्हणणं. आडवी बाटलीचा, म्हणजे बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करायचा, मार्ग शहरातही आहे, २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नाही हं, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्या, म्हणून शहरात ते फार अवघड जातं. सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवीन बियर शॉपी येत असेल तर सोसायटीची एनओसी लागेल असंही सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं आहे, पण तुमची ब्रुअरी वेगळ्या प्लॉटवर आहे.

माझा सल्ला विचाराल तर आधी मालकाला भेटा, दिवसा, चार-पाच जणी मिळून. माझ्या ओळखीच्या एका गल्लीत एवढ्यानेच काम झालं, त्यांनी स्पीकर आत घेतले, जाड काचेचं दार लावलं आणि जवळच्या एका ऑफिसची रिकामी पार्किंगची जागा रात्रीपुरती भाड्याने घेतली. संध्याकाळी सातनंतर शहरातल्या ऑफिसांची पार्किंगं रिकामी पडलेली असतात आणि रस्ते भरलेले, हे कोणाच्या डोक्यात का येत नाही!

ताई, मी केमिकल इंजिनियर आहे, वय २७, दोन वर्ष एका ब्रुअरीत काम केलंय. स्वतःची छोटी सुरू करायची आहे. घरचे म्हणतात दारूचा धंदा नको. पुण्यात आता जागा आहे का, आणि हा धंदा शहराचं नुकसान करतो का, खरं सांगा. (हडपसर)

खरंच सांगते. पुण्यात २००९ मध्ये पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक, त्यामुळे हे शहर या कामात नवखं नाही. मी स्वतः पीत नाही, पण एकदा एका ब्रुअरीच्या आवाराचा नकाशा बघायला सकाळी सहाला गेले होते तेव्हा सगळं काम पाहिलं. मोठ्या भांड्यात भरडलेलं जव गरम पाण्यात भिजत होतं, सगळीकडे घरी लापशी शिजते तसा वास, एक मुलगा थर्मामीटर धरून उभा होता आणि एक डिग्री वर गेली की वाफ बंद करत होता. अर्क काढून घेतल्यावर जो ओला चोथा उरला तो निळ्या ड्रममध्ये भरला, आणि सातच्या आत जवळच्या गोठ्यातला माणूस टेम्पो घेऊन हजर. म्हशी तो आवडीने खातात म्हणाला, पण आजचा आज द्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी आंबट होतो. शहर गोठ्यांना हाकलतंय आणि इथे एक गोठा आणि एक कारखाना एकमेकांच्या आधाराने चाललेत, ते बघून मला फार बरं वाटलं.

नुकसान कुठे होतं तर पाण्यात. एक लिटर बियरला चार-पाच लिटर पाणी सहज जातं, लहान ठिकाणी त्याहून जास्तच, कारण धुण्यातच खूप जातं. टँकरवर चालणाऱ्या भागात तू ब्रुअरी काढलीस तर शेजारी शिव्या देतील आणि ते बरोबर असतील. सांडपाण्यात यीस्ट आणि साखर असते, ते तसंच गटारात सोडलं तर नाल्यात सडतं, त्यासाठी प्रदूषण मंडळाची संमती आणि स्वतःची प्रक्रिया व्यवस्था लागते, तिथे काटकसर करू नकोस. एक्साइजचं लायसन, अन्न परवाना, फायर, हे सगळं लागतंच.

जागा बघताना निवासी गल्लीतला बंगला भाड्याने घेऊ नकोस, तिथेच सगळी भांडणं होतात. जुनी औद्योगिक शेड बघ, मोठा रस्ता, मेट्रो किंवा पीएमपीची बस जवळ, म्हणजे येणारा गाडी न आणता येईल. ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवेन. बियर प्यायला लोकांनी गाडी चालवत यावं आणि गाडी चालवत जावं अशी जागा निवडणं हेच मुळात चुकीचं आहे. आणि वयाचं, बियरला २१, दारात आयडी बघायचा म्हणजे बघायचा, ओळखीचा पोरगा असला तरी. घरच्यांना एकदा सकाळी सहाला कामाच्या ठिकाणी घेऊन जा, रात्रीची ब्रुअरी सगळ्यांनी पाहिलेली असते, सकाळची कोणी पाहिलेली नसते.

आम्ही १२ वर्षं ऑस्टिनला आहोत. इथे ब्रुअरीच्या अंगणात मुलं खेळतात, कुत्री असतात, शेजारी पार्क. पुण्यात आलो की सगळं एकमेकांच्या अंगावर. आपल्याकडे असं का होऊ शकत नाही? (ऑस्टिन, टेक्सास)

पहिलं म्हणजे कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांचा किंवा आयुष्यभराचा हजार रुपयांचा, आणि सार्वजनिक जागी पिता येत नाही. त्यामुळे बागेला लागून बियरचं अंगण हे इथे व्हायचं नाही, आणि व्हावं असं मलाही वाटत नाही, आमच्याकडे बाग ही एकट्या बाईला आणि मुलांना निर्धास्त बसता येणारी शेवटची फुकट जागा उरली आहे.

पण तुमच्या ऑस्टिनकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलने बांधकामाला अमुक इतकं पार्किंग हवंच ही सक्ती सगळ्या शहरात काढून टाकली, कारण त्या सक्तीने घरं महाग होत होती आणि जमीन डांबराखाली जात होती. आणि त्याच वर्षी तिथल्या झिल्कर पार्कच्या आराखड्यावरून केवढा वाद झाला ते तुम्ही पाहिलं असेलच, साडेतीनशे एकरांची बाग, त्यात पार्किंगच्या इमारती सुचवल्या होत्या, लोक उठले आणि ऑगस्टमध्ये तो आराखडाच मागे घेतला. साडेतीनशे एकर हो! आपली एम्प्रेस गार्डन ३९ एकर आणि पु. ल. देशपांडे उद्यान १० एकर, त्यावर आपण खूश असतो. ज्यांच्याकडे एवढी आहे ते एक कोपरा सोडत नाहीत. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा वेताळ टेकडीवर सकाळी जा, तिथून पौड फाट्याकडे रस्ता काढायचा बेत कित्येक वर्षं चालू आहे आणि लोक तितकीच वर्षं तो अडवून आहेत, त्यांच्याबरोबर एकदा चाला.

आमची बाग दुपारी बंद असते. वॉचमन साडेदहालाच शिट्टी मारतो. मी ७८ वर्षांचा, घरात दुपारी सून ऑनलाईन मीटिंगला असते, मला दोन तास झाडाखाली बसायचं असतं. लहान तोंडी मोठा घास, पण एवढ्या मोठ्या शहरात एक बाक मिळू नये? (कोथरूड)

आजोबा, यात कसला मोठा घास? मला तर आलेल्या सगळ्या पत्रांत हेच पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दुपारी बागा बंद ठेवायचं कारण देतात ते पाणी घालणं, साफसफाई आणि पुरेसे वॉचमन नसणं. पण पूर्ण बाग उघडी नको, गेटजवळचा झाडाखालचा भाग उघडा ठेवला तरी चालेल, एवढं मागता येतं.

दोन अर्ज करा. एक उद्यान विभागाला वेळेबद्दल, त्यावर तुमच्यासारख्या दहा-पंधरा ज्येष्ठांच्या सह्या घ्या, वय लिहून. दुसरा क्षेत्रीय कार्यालयात, नागरिकांच्या अंदाजपत्रकासाठी. ही योजना पुण्यात २००६-०७ पासून आहे, आपण आपल्या भागातलं काम सुचवायचं, एका कामाला पाच लाखांपर्यंत, आणि ते पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये धरतात. साधारण पावसाळ्याच्या शेवटी अर्ज मागवतात, तारीख पेपरात येते. बागेच्या भिंतीबाहेर, फूटपाथला लागून, जिथे आत्ता दुचाक्या लावतात तिथे सावलीत चार बाकं आणि गाड्या चढू नयेत म्हणून खांब, एवढंच काम लिहा. तिथे गेट नाही, शिट्टी नाही, दुपारीही बसता येईल. जागा नेमकी कोणती ते खूण करून, फोटो लावून द्या, नातवाला सांगा मोबाईलवर काढून देईल.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्यायचा, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. त्या पोचेचा फोटो मला पाठवा, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणाला फोन करायचा ते मी बघते.